गावाच्या वेशीवरची बॅटरी : ग्रामसभेत काय विचारायचं?

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्यातला ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरं दिली आहेत.)



सुरुवातीला एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. तुमच्या गावात ग्रामसभा भरलीय. प्रस्ताव असा, की सबस्टेशनला लागून असलेली पाच-सात एकर जमीन एका कंपनीला भाड्याने हवी आहे. तिथे तीस-चाळीस पांढरे कंटेनर बसतील, त्यांत बॅटऱ्या असतील, भोवती तारेचं कुंपण. चिमणी नाही, धूर नाही. सरपंच म्हणतात, भाडं मिळेल, चार पोरांना वॉचमनची नोकरी मिळेल. तेवढ्यात मागच्या रांगेतून कुणीतरी मोबाईल वर करतो. त्यावर व्हिडिओ चालू असतो, परदेशात कुठेतरी बॅटऱ्या पेटल्यात आणि लोक गाव सोडून चाललेत. झालं! पुढचे दोन तास सभेत दोनच पक्ष. एक म्हणतो आणा, दुसरा म्हणतो हाकला.

माझं म्हणणं असं आहे, की हे दोन्ही पक्ष एकच चूक करतात. सगळ्या बॅटऱ्या सारख्याच असतात असं दोघंही धरून चालतात. तसं नाहीये. अशा प्रकल्पाचा धोका किती आणि फायदा कुणाचा, हे आराखड्यावर आणि करारावर ठरतं. आणि हे दोन्ही कागद सही होण्याआधीच बदलून घेता येतात. सही झाल्यावर फक्त तक्रार करता येते. म्हणून आज आपण तीन गोष्टी बघू. ही बॅटरी करते काय, बिघडते तेव्हा काय होतं, आणि सही करण्याआधी काय विचारायचं.

बॅटरी वीज बनवत नाही

पहिली गोष्ट, हा वीजनिर्मिती प्रकल्प नाही. बॅटरी एक युनिटसुद्धा तयार करत नाही. उलट थोडी वीज खाते. शंभर युनिट आत घातले तर साधारण पंच्याऐंशी बाहेर येतात, बाकीचे उष्णतेत आणि थंड ठेवणाऱ्या यंत्रणेत जातात.

मग कशाला हवी? तर वेळ बदलायला. सौरऊर्जा दुपारी बारा-एकला भरभरून येते. आपल्या घरातले दिवे, पंखे, टीव्ही, मिक्सर मात्र संध्याकाळी सात ते दहा या वेळात जोरात चालतात. दुपारचा माल रात्री विकायचा, तर मध्ये गोदाम पाहिजे. ही बॅटरी म्हणजे विजेचं गोदाम.

आपल्याकडे हे काम पाण्याने आधीपासून होतं. अकोले तालुक्यात घाटघरला वर एक धरण आहे आणि खाली शहापूरच्या बाजूला चोंढे इथे दुसरं. वीज स्वस्त असते तेव्हा खालचं पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की वरून सोडून वीज करायची. क्षमता २५० मेगावॅट. पण घाटघरसाठी घाट लागतो. प्रत्येक तालुक्याला देवाने सह्याद्री दिलेला नाही. बॅटरीला डोंगर लागत नाही, सपाट जमीन आणि जवळ सबस्टेशन एवढं पुरतं. म्हणून हे प्रस्ताव गावांकडे येतात, आणि तेही बरोबर सबस्टेशनच्या शेजारच्या जमिनीसाठी.

आता दोन आकडे समजून घ्या, कारण प्रस्तावात ते हमखास असतात. मेगावॅट आणि मेगावॅट-तास. शेतातली पाण्याची टाकी आठवा. तिची तोटी किती मोठी, म्हणजे एका वेळी किती पाणी पडेल, ते मेगावॅट. टाकीत एकूण पाणी किती, ते मेगावॅट-तास. एक मेगावॅट-तास म्हणजे आपल्या बिलातले एक हजार युनिट.

उदाहरण आपल्या शेजारचंच घेऊ. नागपूरहून हावड्याच्या गाडीत बसलं की गोंदिया, आमगाव, सालेकसा करत डोंगरगड येतं आणि त्यापुढे राजनांदगाव. छत्तीसगडच्या या राजनांदगाव जिल्ह्यात सरकारी सोलर एनर्जी कॉर्पोरेशनने १०० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारला आणि त्याला ४० मेगावॅट, १२० मेगावॅट-तासांची बॅटरी जोडली. २०२४ साली तो सुरू झाला. भागाकार करा. १२० भागिले ४०, म्हणजे पूर्ण जोरात चालवली तर तीन तास. टाकीत १ लाख २० हजार युनिट. पाच एचपीच्या मोटारीला साधारण पावणेचार किलोवॅट लागतात, त्या हिशेबाने दहा हजारांवर मोटारी तीन तास चालतील एवढी ती वीज आहे. एका जागी एवढी ऊर्जा कोंडलेली असते, हेही लक्षात ठेवा. फायदा तिच्यामुळेच आहे आणि धोकाही तिच्यामुळेच.

एका गव्हाच्या गावाची गोष्ट

मोठ्या बॅटरीचं जगात गाजलेलं पहिलं उदाहरण शहरातलं नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात जेम्सटाऊन नावाचं छोटं गाव आहे. गहू आणि मेंढ्यांचा मुलूख. गावाच्या उत्तरेला टेकड्यांवर हॉर्न्सडेलच्या पवनचक्क्या आहेत.

२८ सप्टेंबर २०१६ ला त्या राज्यात मोठं वादळ झालं, विजेचे वीसहून जास्त मनोरे आडवे झाले आणि सगळं राज्य अंधारात गेलं. राजकारण पेटलं. कुणी पवनचक्क्यांना दोष दिला, कुणी सरकारला. त्या गदारोळात टेस्ला कंपनीच्या एलॉन मस्क यांनी जाहीर पैज लावली, की करार झाल्यापासून शंभर दिवसांत बॅटरी उभी करतो, नाही झाली तर फुकट. १ डिसेंबर २०१७ ला ती पवनचक्क्यांच्या शेजारी अधिकृतपणे सुरू झाली. १०० मेगावॅट, १२९ मेगावॅट-तास. २०२० मध्ये ती वाढवून १५० मेगावॅट केली.

या बॅटरीचा खरा उपयोग दोन आठवड्यांत दिसला. १४ डिसेंबरला सुमारे हजार किलोमीटर लांब, व्हिक्टोरिया राज्यात, लॉय यांग इथला ५६० मेगावॅटचा कोळशाचा संच अचानक बंद पडला. ग्रीडची फ्रिक्वेन्सी खाली घसरायला लागली. आपली फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्‌झ असते, त्यांचीही तेवढीच. ती बैलजोडीच्या चालीसारखी आहे. एक बैल अडखळला की सगळी गाडी ओढली जाते. फार घसरली तर एकामागून एक संच स्वतःला वाचवायला बाहेर पडतात. आपण जुलै २०१२ मध्ये ग्रीड कोसळल्याचं बघितलंय, अर्धा देश अंधारात होता. तर त्या रात्री हॉर्न्सडेलच्या बॅटरीने सेकंदाच्याही आत वीज सोडायला सुरुवात केली. जास्तीत जास्त सातेक मेगावॅटच. बंद पडलेल्या ५६० पुढे ते काहीच नाही. पण वाफेचं टर्बाइन वेग घेईपर्यंत जो पहिला क्षण जातो, तिथे ती उभी राहिली.

आता दुसरी बाजू. हीच बॅटरी २०१९ मध्ये काही महिने, संकटात जेवढी साथ देईन असं सांगून पैसे घेत होती, तेवढी देण्याच्या स्थितीत नव्हती. ऑस्ट्रेलियातल्या नियामकाने खटला भरला आणि २०२२ मध्ये न्यायालयाने तिच्या कंपनीला नऊ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. आणखी एक गोष्ट, जी प्रचारात कुणी सांगत नाही. वादळात मनोरे पडले तर बॅटरी ते उभे करू शकत नाही. तिच्याकडून तिचंच काम मागा, चमत्कार मागू नका.

आपल्याकडे घाई का आहे?

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या आराखड्यात २०३१-३२ पर्यंत देशाला सुमारे ४७ हजार मेगावॅटच्या बॅटऱ्या लागतील असा अंदाज आहे. त्यात भाव कोसळले. २०२२ मध्ये एका सरकारी निविदेत दोन तास चालणाऱ्या बॅटरीचं भाडं मेगावॅटमागे महिन्याला जवळपास १० लाख ८० हजार रुपये निघालं होतं. तीन वर्षांत काही निविदांमध्ये ते दोन-सव्वादोन लाखांपर्यंत आलं. अटी आणि अनुदान सगळीकडे सारखं नाही, तरी उतार केवढा आहे बघा.

स्वस्ताई चांगलीच. पण शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको, की सगळ्यात कमी बोलीवर काम घेणारा ठेकेदार कुठेतरी काटकसर करतोच. ती काटकसर कंटेनरमधल्या अंतरात, आग ओळखणाऱ्या यंत्रणेत किंवा देखभालीत होऊ नये, एवढं बघणं आपलं काम.

एकच गाव, दोन आगी

आता त्या मोबाईलमधल्या व्हिडिओकडे वळू. तो बहुतेक मॉस लँडिंगचा असतो. कॅलिफोर्नियात माँटेरेच्या उपसागरावर हे मासेमारीचं छोटं गाव आहे, आजूबाजूला स्ट्रॉबेरीची शेती आणि एल्कहॉर्न स्लू नावाची खाडी. या एका गावात दोन वेगवेगळी बॅटरी केंद्रं आहेत आणि दोन्हींना आग लागली. त्यामुळे तुलना करायला याच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

पहिली आग सप्टेंबर २०२२ ची. या केंद्रात २५६ युनिट उघड्यावर, एकमेकांपासून अंतर ठेवून बसवलेली. एका युनिटच्या छपरावरचं झाकण नीट बसवलेलं नव्हतं, पावसाचं पाणी आत गेलं आणि ते पेटलं. महामार्ग काही तास बंद ठेवला, लोकांना दारं-खिडक्या लावून घरात थांबायला सांगितलं. जळालं किती? २५६ पैकी एक.

दुसरी आग १६ जानेवारी २०२५ ची. शेजारच्या केंद्रात ३०० मेगावॅटच्या बॅटऱ्या एका जुन्या वीजकेंद्राच्या बंदिस्त इमारतीत, रॅकवर रॅक रचून ठेवलेल्या. आग आत पसरत गेली आणि त्या इमारतीतल्या निम्म्याहून जास्त बॅटऱ्या जळाल्या. बाराशेहून अधिक लोकांना घरं सोडावी लागली. पुढे खाडीच्या गाळात संशोधकांना निकेल, कोबाल्ट, मँगनीज हे धातू वाढलेले आढळले. आणि महत्त्वाचं म्हणजे, याच इमारतीत २०२१ मध्ये पाण्याचे फवारे चुकून सुरू होऊन, जोड गळून, बॅटऱ्या खराब झाल्या होत्या. इशारा आधीच मिळालेला होता.

फरक कशाने पडला? मोठी गोष्ट मांडणीची. उघड्यावर अंतर ठेवून मांडणी की एका छपराखाली गच्च भरणी. आपल्याकडे कडब्याच्या गंजी वेगवेगळ्या लावतात, त्याच्यामागे हेच शहाणपण आहे. बॅटरीची जातही विचारात घ्या. जळालेल्या इमारतीत निकेल-मँगनीज-कोबाल्ट जातीच्या बॅटऱ्या होत्या. आता नव्या प्रकल्पांत बहुतेक लिथियम आयर्न फॉस्फेट वापरतात. ती तापायला जास्त उष्णता लागते, आणि तिच्यात निकेल-कोबाल्ट नसतं. ती पेटतच नाही असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

अजून एक उदाहरण. ३० जुलै २०२१, ऑस्ट्रेलियात जिलाँगजवळ मूराबूल. बॅटरी अजून चाचणीतच होती. एका युनिटमध्ये थंड करणारा द्रव गळला, शॉर्ट झालं, आग लागली. ते युनिट त्या वेळी बंद करून ठेवलेलं होतं, त्यामुळे त्याची देखरेख यंत्रणाही बंद होती. कुणाला कळलंच नाही. वारा जोरात होता, शेजारचं युनिट पेटलं. २१२ पैकी दोन जळाली, कुणाला इजा नाही, पण आग आटोक्यात यायला चौथा दिवस उजाडला. त्यानंतर बनवणाऱ्यांनी छपराची रचना आणि देखरेखीची पद्धत बदलली. म्हणजे मांडणी चांगली असली तरी उभारणी आणि चाचणीचा काळ नाजूक असतो.

सही करण्याआधीचे प्रश्न

आता ग्रामसभेत परत येऊ. माझ्या मते एवढं विचारा आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी आश्वासन सातबाऱ्यावर चढत नाही.

पहिला प्रश्न, बॅटरी कोणत्या जातीची आणि मांडणी कशी? दोन कंटेनरमध्ये अंतर किती, आणि सगळ्यात जवळचं घर, शाळा, गोठा, विहीर किती लांब? नकाशावर दाखवा म्हणा. आपल्याकडे वारा कोणत्या महिन्यात कुठून वाहतो, हे गावाला कंपनीपेक्षा जास्त माहीत असतं. ते नकाशावर लिहून द्या.

दुसरा, एक पूर्ण कंटेनर पेटवून शेजारचा पेटतो का, याची चाचणी झाली आहे का? अहवाल दाखवा.

तिसरा, आग लागली तर येणार कोण? तालुक्याचा बंब किती मिनिटांत पोचतो, त्या जवानांना याचं प्रशिक्षण कोण देणार, पाण्याचा साठा कोण बांधणार? अमेरिकेत ॲरिझोनातल्या सरप्राईझ या गावी एप्रिल २०१९ मध्ये धुमसणाऱ्या बॅटरीच्या खोलीचं दार उघडल्यावर साचलेल्या वायूचा स्फोट झाला. अग्निशमन दलाचे जवान गंभीर जखमी झाले. आत काय साचलंय हे त्यांना नीट कळण्याची सोयच नव्हती.

चौथा, वापरलेलं पाणी जाणार कुठे? ओढ्याला की बांधलेल्या टाक्यात?

पाचवा, आवाज. बॅटऱ्या गप्प असतात, पण त्यांना थंड ठेवणारे पंखे रात्रभर चालतात. जवळच्या घराच्या अंगणात रात्री किती आवाज येईल, हा आकडा मागा.

सहावा, पंधरा-वीस वर्षांनी हे कंटेनर कोण उचलणार? कंपनी विकली गेली तर? त्यासाठी ठेव किंवा बँक हमी आत्ताच करारात हवी.

आणि सातवा, फायदा कुणाचा? इथे स्पष्ट बोलतो. कृषी फीडर सौरऊर्जेवर नेण्याच्या योजनेत शेतकऱ्याला दिवसा वीज मिळते. रात्री बिबट्याच्या आणि सापाच्या भीतीत दारं धरायला जावं लागत नाही, याचं मोल मोठं आहे. पण संध्याकाळच्या बॅटरीची वीज मुख्यतः घरांच्या आणि शहरांच्या मागणीला जाते. कंटेनर तुमच्या शिवारात आहेत म्हणून तुमचं बिल कमी होत नाही. गाव सगळ्या राज्यासाठी थोडा धोका वाहून घेतं, तर त्याचा मोबदला मागण्यात गैर काही नाही. सौर कृषी वाहिनी योजनेत जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडं आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ अशी तरतूद झाली. ते माप समोर ठेवा. गायरान जात असेल तर गुरं कुठे चरणार, याचंही उत्तर त्याच कागदावर पाहिजे.

या सातही प्रश्नांची उत्तरं चांगली कंपनी देऊ शकते, कारण बँकेला आणि विमा कंपनीला ती द्यावीच लागतात. बँकेला दाखवलेला कागद ग्रामसभेला दाखवता येत नसेल, तर तिथेच थांबा.

श्रोत्यांचे प्रश्न

*सर, आग लागल्यावर पाणी मारून विझवत का नाहीत?*

बॅटरीतला एक सेल तापला की आतली रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता तयार करते, त्याने शेजारचा सेल तापतो. ही साखळी सेलच्या आत चालते, पाणी तिथे पोचत नाही. म्हणून आता बहुतेक ठिकाणी पेटलेला कंटेनर जळून जाऊ देतात आणि पाणी शेजारच्या कंटेनरवर मारतात. मूराबूलला हेच केलं. बघणाऱ्याला वाटतं जवान नुसते उभे आहेत. म्हणून गावाला ही पद्धत आधी समजावून सांगितली पाहिजे, नाहीतर त्या दिवशी भांडणं होतात.

*आमच्या विहिरी जवळ आहेत. रोजच्या रोज पाणी खराब होईल का?*

नीट चालू असताना नाही. सेल बंद असतात, त्यांतून काही झिरपत नाही. प्रश्न आगीच्या आणि गळतीच्या दिवसाचा आहे. त्यासाठी सोपं काम सांगतो. प्रकल्प सुरू होण्याआधी जवळच्या विहिरींचं पाणी आणि माती प्रयोगशाळेत तपासून अहवाल ग्रामपंचायतीत ठेवा, खर्च कंपनीचा. पुढे काही झालंच, तर आधी काय होतं याचा पुरावा तुमच्या हातात राहील. मॉस लँडिंगच्या खाडीत धातू वाढले हे सांगता आलं, कारण त्या जागेची आधीची मोजमापं संशोधकांकडे होती.

*सर, तुमच्या गावात प्रस्ताव आला तर तुम्ही हात वर कराल का?*

(हशा) माझी नोकरी सबस्टेशनांत गेली, त्यामुळे मी विजेच्या बाजूचा माणूस, हे आधीच कबूल करतो. उघड्यावरची मांडणी, घरांपासून पुरेसं अंतर, तालुक्याच्या बंबाला प्रशिक्षण आणि उचलून नेण्याची बँक हमी, एवढं लेखी मिळालं तर मी हात वर करेन. जुन्या शेडमध्ये गच्च भरायच्या म्हणत असतील, तर नाही करणार. आणि कागद सभेच्या दिवशीच हातात पडले, तर पहिली मागणी ही करेन, की सभा पंधरा दिवस पुढे ढकला, आम्हाला वाचू द्या.